पानओवा: भजीच्या पलीकडे, औषधाच्या अलीकडे

गच्चीवरची (सातारा)

पावसाळा लागला की ज्याच्या त्याच्या कुंडीतला पानओवा माजतो. पहिले चार दिवस भजी होतात, कौतुक होतं, मग घरचेच म्हणतात, "आता पुरे." झाड मात्र थांबत नाही. म्हणून हा धागा. स्वयंपाकात आणि सर्दी-पडशात तुम्ही याचं काय काय करता ते लिहा.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर निम्मे प्रतिसाद त्यातच जातील. मसाल्याच्या डब्यातला ओवा या झाडाला लागत नाही. खरा ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या घराण्यातला. बारीक चिरल्यासारखी पानं, छत्रीसारखा पांढरा फुलोरा. रब्बीत पेरतात आणि बी धरलं की रोप वाळून जातं. बाजारातला ओवा मुख्यतः राजस्थान-गुजरातचा. कुंडीतला पानओवा तुळस-पुदिन्याच्या घराण्यातला. चौकोनी देठ, जाड लवदार पान, कडेला बोथट दाते, मोडलं की कट्ट वाजतं. शास्त्रीय नाव कोलिअस अँबॉयनिकस, जुन्या पुस्तकांत प्लेक्ट्रॅन्थस अँबॉयनिकस. वास सारखा येतो कारण दोन्हींच्या तेलात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही एकाच जातकुळीतली द्रव्यं असतात. तेव्हा या झाडाला दाणे येतील म्हणून वाट बघत बसू नका.

माझी भजीची पद्धत: मधल्या वाढीची पानं घ्यायची. अगदी कोवळ्यांना चव नसते आणि जून पानं दाताला चरचरीत लागतात. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करायची, लवेत पाणी अडकून राहतं आणि कढईत तडतडतं. बेसन एक वाटी, तांदळाचं पीठ दोन चमचे, तिखट, हळद, मीठ, वर चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. ओवा घालायचा नाही, पान आहे की. पीठ पानावरून ओघळून जाणार नाही इतपत घट्ट. देठाला धरून बुडवायचं आणि मध्यम आचेवर तळायचं. आच मोठी ठेवली तर वरून लाल होतं आणि आत पान कच्चं, तुरट राहतं.

---

हरिपूरकर

सातारकरांनी धागा काढला म्हणजे पेढ्याचा असणार असं वाटलं होतं, निघाला पाल्याचा. चालेल.

आमच्या सांगलीकडे याला पावसापेक्षा मातीचा त्रास जास्त. इकडची काळी माती उसाला आणि हळदीला सोनं, कुंडीत मात्र विष. पाणी धरून बसते, आणि पानओव्याचं पान-देठ सगळं रसदार, त्याला मुळाशी पाणी तुंबलेलं सोसत नाही. देठ बुडापासून काळा, बुळबुळीत झाला की समजायचं गेलं. असं झालं तर वरचा चांगला शेंडा कापून नव्या कुंडीत लावावा, बुडाशी जीव अडकवू नये.

एक भाग पोयटा, एक भाग वाळू किंवा विटेचा चुरा, एक भाग कुजलेलं शेणखत. वीतभर फांदी, खालची पानं काढून, दिवसभर सावलीत सुकवून खोचायची. दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पानं पिवळट, बारकी होतात, तेव्हा अर्धी सावली द्यायची. शेंडे खुडत राहिलं तर झुडूप होतं, नाहीतर नुसत्या लांब काटक्या.

---

मिरजेची सून

माझं माहेर धारवाडकडचं. आमच्या घरी याला दोड्डपत्रे म्हणतात, आणि भजीपेक्षा तंबुळी जास्त होते. मिरज-सांगलीत निम्म्या घरांची सोयरीक कर्नाटकात असूनही ही इकडे कशी रुजली नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पाकृ देते.

पंधराएक पानं, एक चमचा साजूक तूप, अर्धा चमचा जिरं, चार-पाच मिरे, दोन-तीन चमचे ओलं खोबरं, एक वाटी फेटलेलं ताजं दही, मीठ.

तुपात जिरं-मिरे तडतडवून त्यातच पानं टाकायची. आधी ती पाणी सोडतात आणि कढईत नुसती लोळतात. हिरवाजर्द रंग जाऊन शेवाळी झाला आणि उग्र वास मंदावला की खाली उतरवायचं. इथे घाई केली तर तंबुळी जिभेला झोंबते. गार झाल्यावर खोबऱ्याबरोबर गुळगुळीत वाटायचं. वाटण दह्यात कालवून पातळ कढीइतकं पाणी घालायचं. वरून तूप-मोहरी-हिंग-लाल मिरचीची फोडणी. गरम करायची नाही, फुटते. ऊन भातावर गार तंबुळी ओतून खायची.

आंबट ताक घेऊ नका. आंबटपणात पानाची चव मरते आणि नुसता उग्रपणा मागे राहतो.

---

कोरेगावचा गडी

ताई, तंबुळी वाचून तोंडाला पाणी सुटलं. आता आमचं ऐका. आमच्या हितं रविवारी मटण असतंय. वाटणात आलं-लसूण-कोथिंबिरीसंगं पानओव्याची चार पानं टाकायची. लय नाय, चारच. मटणाचा उग्र वास बसतो आन रश्श्याला एक येगळाच घमघमाट येतो. घरात कुणाला सांगितलं नाय तर ओळखू पन येत नाय.

---

पेठेतला खवय्या (सांगली)

पानओवा घातलेला तांबडा रस्सा? दादा, तुमच्या तालुक्यातला घेवडा चांगला, तो करा. मटणाला हात लावू नका.

---

कोरेगावचा गडी

करून बघा, मग बोला.

---

रानवाटा (कराड)

गडीदादांची बाजू घेतो. जगभर हे पान मांस-मासळीबरोबरच जास्त वापरतात. कॅरिबियन बेटांवर मांस मुरवायच्या हिरव्या वाटणात ते असतं, इंग्रजीत त्याला 'क्यूबन ओरेगॅनो' असंही म्हणतात. मूळ मात्र क्यूबाचं नाही, अमेरिका खंडात ते बाहेरून गेलं. इंडोनेशियात सुमात्रातले बाताक लोक बाळंतिणीला दूध यावं म्हणून याचं सूप देतात. त्याच जागी आपण ओवा, बाळंतशेपा आणि अळीव देतो.

मी स्वतः कृष्णेच्या मरळीला लावून बघितलंय. पानं, हिरवी मिरची, लसूण, मीठ, लिंबू, जाडसर वाटून अर्धा तास मुरवायचं आणि रव्यात घोळवून तव्यावर भाजायचं. वाटण जाड थराने लावलं तर जळून कडू होतं, निपटून घ्या.

---

नवी आई

इथे विचारू का? बाळ आठ महिन्यांचं आहे, सर्दीने नाक चोंदलंय. सासूबाई म्हणतात, पान तव्यावर शेकून रस काढायचा आणि मधातून चाटवायचा. त्यांच्या चारही मुलांना दिलाय. आई म्हणते नको. मध्ये मी.

---

गच्चीवरची (सातारा)

आमच्याकडे मोठ्यांना देतो. पान तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकलं की पिळवटून सहज रस निघतो, कच्च्या पानातून निघत नाही. चमचाभर रस, मध, चिमूट सुंठ. घसा मोकळा झाल्यासारखा वाटतो. पण आठ महिन्यांच्या बाळाचं मी सांगणार नाही, इथे कुणी जाणकार आहेत का?

---

उपकेंद्रातली सिस्टर (सातारा जिल्हा)

आहे मी. नवी आई, आधी मधाचं: एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. चाटण म्हणून नाही, बोटाला लावून नाही, घरच्या पोळ्याचा असला तरी नाही. मधात कधी कधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. त्याला बोट्युलिझम म्हणतात. बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही, शौचाला होत नाही, रडणं क्षीण होतं. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. सासूबाईंच्या चारही मुलांना काही झालं नाही ही चांगली गोष्ट, पाचव्याची खात्री त्यातून मिळत नाही.

रसाचंही तेच. पानातलं तेल तिखट असतं, बाळाला किती चालेल याचं कुठलंही ठरलेलं माप नाही, आणि चिमुकल्याला ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर अंगावरच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नाही. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात, दूध पाजायच्या आधी टाका. वाफेसाठी बाळाला पातेल्याजवळ नेऊ नका. पातेलं कलंडून भाजलेली मुलं मी बघितली आहेत.

आता मुख्य. सर्दी किती आहे त्यापेक्षा श्वास मोजा. बाळ शांत असताना, झोपलेलं असलं तर उत्तम, झबलं वर करून पोट किती वेळा वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर तो जलद श्वास. तसं असेल, छातीखालची बाजू आत ओढली जात असेल, पिणं बंद झालं असेल किंवा बाळ सुस्त पडलं असेल तर पान-बिन बाजूला ठेवून त्याच वेळी दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

सासूबाईंचा मान राखायचा तर ती पानं त्यांना भजीला द्या.

---

नवी आई

सिस्टर, मोजले. ३८ भरले. दूध पितंय, खेळतंय. थेंब आणायला ह्यांना पाठवलंय. शेवटची ओळ सासूबाईंना वाचून दाखवली, हसल्या.

---

जुनं ते सोनं

सगळं पाश्चात्त्य विज्ञानाच्या चष्म्यातून बघायची सवय लागली आपल्याला. आमच्या आजीने पिढ्यान्‌पिढ्या हेच पान दिलं, कुणी मेलं नाही. आयुर्वेदात याला पर्णयवानी म्हटलंय, उगाच नाही.

---

रानवाटा (कराड)

जुनं ते सोनं, कुणी आजीला खोटं म्हणत नाहीये. पानातल्या तेलाचा जंतूंवर आणि बुरशीवर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलंय. थायमॉल तर माउथवॉशमध्ये असतंच. पण बशीतला जंतू मरणं आणि माणसाचा खोकला बरा होणं यात बरंच अंतर आहे, आणि माणसांवर केलेले चांगले अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. मोठ्या माणसाने घसा शेकायला दोन पानांचा काढा घेतला तर बरं वाटतं, घ्यावा. न्यूमोनियावर तो घेत बसू नये.

---

वाखूसा

धागा साठवला. अवांतर: घरची अमृतधारा यातूनच करता येईल का?

---

रानवाटा (कराड)

पानातून नाही. अमृतधारेला ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉलचे खडे लागतात. ते, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेन्थॉलचे खडे) आणि कापूर समभाग बाटलीत घालून हलवले की तिन्ही कोरडे पदार्थ कुणीही पाणी न घालता एकमेकांत विरघळून पातळ होतात. बघायला जादू वाटते. कारण इतकंच की हे पदार्थ एकत्र आले की मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात.

---

ट्रकवाला (इस्लामपूर)

मुतखडा ८ मिमीचा निघालाय. गावात एकाने पाथरचूर म्हणून एक पान दिलं, रोज उपाशीपोटी दोन खायला सांगितलंय. वास ओव्यासारखा नाही. हेच का ते?

---

रानवाटा (कराड)

थांबा, खाऊ नका. पाथरचूर, पत्थरचट्टा, पाषाणभेद या नावांखाली निदान चार वेगळी झाडं फिरतात.

पहिलं हे आपलं पानओवा. चुरगाळलं की ओव्याचा वास आलाच पाहिजे. दुसरं पानफुटी: गुळगुळीत मांसल पान, लव नाही, वास नाही, पान जमिनीवर पडलं की कडेच्या खाचांतून बारकी रोपं फुटतात. तुमचं बहुतेक हेच. यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, या झाडाच्या भाईबंदांनी ऑस्ट्रेलियात जनावरं दगावली आहेत. तिसरं मैनमूळ, पानओव्याचंच जवळचं भावंड. त्याच्या मुळांतून १९७० च्या दशकात फोरस्कोलिन वेगळं काढलं गेलं, ते रक्तदाब उतरवतं. बीपीच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये. चौथा आयुर्वेदाच्या औषधकोशातला पाषाणभेद, तो हिमालयात होतो. तुमच्या गावच्या बांधावर तो उगवणार नाही.

पानाने खडा पडल्याच्या गोष्टी का ऐकू येतात तेही सांगतो. ५ मिमीच्या आतले खडे बहुतेक वेळा नुसत्या पाण्यानेच पडतात. आठ दिवस पान खाल्लं, खडा पडला, श्रेय पानाला. तुमचा ८ चा आहे, त्याला डॉक्टरांच्या नजरेखालीच ठेवा. ताप, थंडी, किंवा लघवी अडली तर रात्र काढू नका.

---

उपकेंद्रातली सिस्टर (सातारा जिल्हा)

त्यात भर. गाडीवर असताना लघवीला थांबायला लागू नये म्हणून ड्रायव्हर मंडळी पाणीच पीत नाहीत. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी पोटात गेलं पाहिजे, उन्हाळ्यात त्यासाठी पिणं आणखी वाढवावं लागतं. पाच लिटरचा कॅन केबिनमध्ये ठेवा.

---

ट्रकवाला (इस्लामपूर)

पानफुटीच निघाली. कडेला बारकी रोपं फुटलीत. फेकली. सोमवारी मिरजेला दाखवतो.

---

बोक्याची मालकीण

घाईत विचारते. आमचा बोका कुंडीतली पानं चावतो. चालतं का?

---

हरिपूरकर

नाही. कुत्र्या-मांजरांना पानओवा बाधतो, उलट्या-जुलाब होतात. उंचावर टांगा. आणि झाडाने डास पळतात म्हणून बेडरूममध्ये ठेवणाऱ्यांसाठी: पान चुरगाळल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, नुसती कुंडी ठेवून डास हलत नाहीत. जाळी लावा.

---

गच्चीवरची (सातारा)

तंबुळी केली. मिरजेच्या सूनबाई, पानं शेवाळी होईपर्यंत थांबायचं ते अगदी बरोबर. एक घाणा लवकर उतरवून मुद्दाम फरक बघितला, तो जिभेला बधिर करतो. घरच्यांनी भजीसारखं "पुरे" म्हटलेलं नाही अजून.

चटणीही जमली. एक चमचा हरभरा डाळ आणि एक चमचा उडीद डाळ तेलात लालसर, त्यातच दोन हिरव्या मिरच्या, दहा-बारा पानं परतून, चिंचेचं बुटुक, गुळाचा खडा, मीठ. भाकरीबरोबर फार छान. आंबोळीबरोबर तेवढी नाही.

आता साठवणुकीचं विचारते. दोन टोपल्या पानं आहेत. वाळवली तर?

---

मिरजेची सून

उन्हात नको, काळी पडतात. जाड पान आहे, सावलीतही पावसाळ्यात ते वाळायच्या आधी बुरशी धरतं. मी दोनच प्रकार करते. एक, तुपात परतलेली पानं वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. एक तुकडा, एक वाटी दही, पाच मिनिटांत तंबुळी. दुसरा, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पानं उभी चिरून पंख्याखाली वाळवते आणि चुरून बाटलीत भरते. तो चुरा मठरीत आणि मक्याच्या कणसावर मिठाबरोबर.

फ्रिजमध्ये कच्ची पानं ठेवू नका, दोन दिवसांत डाग पडतात. झाडावरच राहू द्या, लागतील तशी तोडा.

---

कोरेगावचा गडी

पेठेतले खवय्ये, रविवार होऊन गेला. मटणाचं काय झालं?

---

पेठेतला खवय्या (सांगली)

चार पानं टाकली. घरात कुणाला सांगितलं नाही. बायकोने विचारलं, मसाला बदलला का.

---

कोरेगावचा गडी

मग?

---

पेठेतला खवय्या (सांगली)

पुढच्या वेळी तीन टाकणार.